आमचे वलंदेज व्याही

व्याह्यांची पहिली भेट होत असताना मुलीकडचे व्याही अर्धनग्न आणि ओलेचिंब असावेत, ही गोष्ट कोणत्याही शास्त्रात, रूढीत किंवा कायद्यात बसत नाही. तरी ती घडली. जुलै महिना होता, म्हणजे ऑस्ट्रेलियातला ऐन हिवाळा. सकाळचे सात वाजले होते. आम्ही उभयता ठाण्याहून इकडे कायमचे राहायला येऊन एक दिवसही उलटला नव्हता, अंगावर दोन-दोन स्वेटर होते, आणि चिरंजीव अविनाशने आम्हांला त्याच्या सासऱ्यांची ओळख करून देण्यासाठी वॉलॉंगॉंगच्या किनाऱ्यावर नेले होते. समुद्रातून सहा फूट उंचीचे, पासष्टी उलटलेले, तांबूस कातडीचे एक गृहस्थ आखूड चड्डीवर बाहेर आले. त्यांनी माझा हात आपल्या बर्फासारख्या हातात घेतला, हापशाच्या दांड्यासारखा चार वेळा वरखाली केला आणि समाधानाने म्हणाले, "फ्रिस्से लुख्त."

सूनबाई अन्नेका हिने खुलासा केला की याचा अर्थ ताजी हवा.  मला जे म्हणायचे होते ते मी त्याच दुपारी पत्राने कळवले.

हे आमचे व्याही हेंकराव. राव हे मी लावलेले. व्याह्याचा उल्लेख नुसत्या नावाने करणे मला जमत नाही. जातीचे डच. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत डच लोकांना वलंदेज म्हणत. मी ठाण्याच्या न्यायालयात अडतीस वर्षे नोकरी करून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, म्हणजे न्यायालयाचे सारे दप्तर माझ्या ताब्यात असे. त्यामुळे हा शब्द मला परका नव्हता. पण दप्तरातला वलंदेज वेगळा आणि दिवाणखान्यातला वेगळा. दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांनी हेंकराव बायकोला घेऊन बोटीने इकडे आले, पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्यात पंचवीस वर्षे क्रेन चालवली आणि निवृत्त झाले. आमच्या येण्यापूर्वी सहा वर्षे त्यांच्या पत्नी वारल्या. एकुलती एक मुलगी अन्नेका, रुग्णालयात परिचारिका. अविनाश त्याच कारखान्यात इंजिनियर. लग्न त्यांनी इकडेच नोंदणी पद्धतीने उरकून आम्हांला फोटो पाठवला होता. त्या फोटोत हेंकराव कोटात होते, ही फसवणूक मी आजही विसरलेलो नाही.

अविनाशने त्यांना आमचे नाते समजावून सांगितले, की मुलाचा बाप आणि सुनेचा बाप हे एकमेकांचे व्याही. हेंकरावांनी त्यावर बराच वेळ विचार केला. त्यांच्या भाषेत या नात्याला शब्द नव्हता, इंग्रजीतही नव्हता. आपण इतकी वर्षे जगून आता या वयात कोणाचे तरी काहीतरी नवे होऊ शकतो, याचे त्यांना फार अप्रूप वाटले असावे. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. बसथांब्यावर, टपाल कार्यालयात, खाटकाच्या दुकानासमोर, जिथे दिसेन तिथे रस्त्याच्या पलीकडून खणखणीत आवाजात एकच हाक येई, "व्याही." लोक वळून पाहत. मी लेखी हरकत घेतली. उपयोग झाला नाही.

त्यांचे घर डोंगराच्या उतारावर होते. फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या, पातळ भिंतींचे, दोन खोल्यांचे. त्या दोन खोल्यांना मिळून सात खिडक्या, आणि सातही बाराही महिने उघड्या. समुद्राचा वारा एका बाजूने आत येई, टेबलावरचे वर्तमानपत्र वाचून दुसऱ्या बाजूने निघून जाई. मी त्या घरात मफलर, कानटोपी आणि ओव्हरकोट घालून बसत असे आणि समोर हेंकराव अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसून मला विचारीत, की तुमची प्रकृती बरी नाही का.

त्या घरातील शौचकूपाविषयी लिहावे की न लिहावे याचा मी पुष्कळ विचार केला. लिहिणे कर्तव्य आहे. दाराच्या आतल्या बाजूला एक दिनदर्शिका टांगलेली असे आणि तिच्यावर आप्तेष्टांचे वाढदिवस नोंदलेले असत. ही म्हणे त्यांच्याकडची सर्वमान्य रीत आहे. आपण पूजेच्या खोलीत पंचांग ठेवतो. यांचे पंचांग तिथे. बरे, नुसता वाढदिवस नव्हे. हेंकरावांनी त्यात स्वतःची सुधारणा केली होती. न्हाणीघरात वजनाचा काटा होता, आणि येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला कॉफीच्या आधी त्याच्यावर उभे केले जाई. तिसऱ्या भेटीत त्यांनी माझी जन्मतारीख विचारली तेव्हा मी भाबडेपणाने महिना आणि तिथीसुद्धा सांगितली. चौथ्या भेटीत मी त्या खोलीत गेलो आणि डोळ्यांसमोर अक्षरे आली: 'व्याही, ७९ किलो.' पुढे एक उद्गारचिन्ह. मी तसाच बाहेर आलो. वास्तविक ज्या कामासाठी गेलो होतो ते झालेच नाही.

अविनाशने आमच्यासाठी जवळच भाड्याने घेतलेल्या घरी येऊन मी सौ.ला सांगितले की ही उघड बदनामी आहे. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, खोटं लिहिलंय का काही?"

कॉफीबरोबर बिस्कीट मिळे. एक. डबा उघडायचा, प्रत्येकाने एक उचलायचे, झाकण बंद. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या बिस्किटासाठी हात पुढे केला आणि झाकण माझ्या बोटांपासून दोन इंचांवर मिटले. ठाण्यात आमच्या घरी बेलिफ समन्स घेऊन आला तरी त्याला बशीभर चिवडा मिळत असे. आणि साखरेवर व्याख्यान देणारा हा माणूस सकाळी काय खातो? पावावर बोटभर लोणी आणि त्या लोण्यावर चॉकलेटचा भुगा, मूठभर. लहान मुलाच्या वाढदिवसाला शोभेल असा हा फराळ उरकून ते माझ्या चहातल्या दोन चमच्यांकडे सुतकी चेहऱ्याने पाहत. या विसंगतीकडे मी त्यांचे लेखी लक्ष वेधले. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की चॉकलेट हे सकाळचे आहे आणि सकाळ पोहण्याने आधीच शुद्ध झालेली असते.

एकदा त्यांनी आम्हांला खास मेजवानी म्हणून बोलावले. पिंपातला खारवलेला हेरिंग मासा, कच्चा. हेंकरावांनी तो बारीक चिरलेल्या कांद्यात घोळवला, शेपटीला धरून उंच उचलला, मान मागे टाकली, आणि मासा दिसेनासा झाला. आमची सौ. रत्नागिरीची, मासे खाणाऱ्या घरातली. पण मासा आणि माणूस यांच्या दरम्यान चूल नावाची एक वस्तू असते, अशी तिची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "मांजर बरं. निदान टेबलाखाली बसतं." मग मात्र तिने पदर खोचून त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उरलेल्या माशांना तिखट-मीठ-हळद लावली, तव्यावर टाकले, आणि हेंकरावांनी ते सारे, काटे वगळता, संपवले. त्या दिवसापासून ते तिला आदराने मेफ्राव, म्हणजे बाईसाहेब, सुमती म्हणू लागले. माझ्या वाट्याला असा आदर कधी आला नाही.

उलट माझ्यावर त्यांचे आरोप वाढत गेले. मी दुपारी झोपतो. मी दोन थांब्यांसाठी बसची वाट पाहतो. मी खिडकी उघडत नाही. माझ्या एकसष्टाव्या वाढदिवसाला त्यांनी रंगीत कागदात गुंडाळून भेट दिली, ती उघडली तर आत दोरी निघाली. उड्या मारण्याची. साठीशांत झालेल्या, दोन नातलगांची मृत्युपत्रे स्वहस्ते लिहून दिलेल्या माणसाला दोरीवरच्या उड्या. मी त्याच दिवशी विषय, संदर्भ आणि पाच कलमे घालून पत्र लिहिले.

माझ्या पत्रांना त्यांनी कधी उत्तर दिले नाही, हे म्हणणे न्यायाचे होणार नाही. उत्तर येई. माझेच पत्र परत येई, प्रत्येक कलमासमोर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली असे आणि तळाशी दोन शब्द: 'वाचले. या.' मी असली तेवीस पत्रे जपून ठेवली आहेत. न्यायालयाचा अवमान याहून वेगळा काय असतो?

आमचे एकमत झाले ते फक्त एकदा. एका रविवारी दुपारी बारा वाजता आम्ही दोघे योगायोगाने एकाच वेळी अविनाशच्या दारात पोहोचलो. आत दृश्य असे, की नवराबायको अंथरुणात बसून मांडीवरच्या कागदी पिशवीतून मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या कचोऱ्या, खात आहेत, वर टोमॅटोचा सॉस, आणि उशीशेजारी अन्नेकाची सिगारेट. बारा वाजता. दात घासल्याचे चिन्ह नाही. आम्ही दोघे एकदमच मागे फिरलो आणि पायरीवर बसलो. मग मी सांगितले, की माझे वडील हिवाळ्यातसुद्धा पहाटे उठून विहिरीच्या गार पाण्याने स्नान करीत, चार मैल चालत शाळेत शिकवायला जात आणि बारमाही ओसरीवर उघड्यावर झोपत. हेंकराव माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "म्हणजे तुमचे वडील डच होते."

मी संतापून उठणार, तोच त्यांनी स्वतःच्या आजीची हकिगत सांगितली. ती भिंतीतल्या कपाटात झोपे. कपाटच, आत बिछाना आणि बाहेरून लाकडी दारे. रात्रीची हवा विषारी असते या समजुतीने ती दारे लावून घेई, फटीत चिंध्या कोंबी, डोक्याला लोकरी टोपी घाली, आणि पहिल्या थंडीत सुरू केलेली ती टोपी उन्हाळा लागेपर्यंत काढत नसे. ब्याण्णव वर्षे जगली. त्या बाईंशी माझे जमले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

अशी तीन वर्षे गेली आणि मीराचा जन्म झाला. दोन्ही घरांना उच्चारता येईल म्हणून हे नाव. अन्नेका पाचव्या महिन्यात कामावर रुजू होणार होती, आणि तेव्हा बाळ कोणी सांभाळायचे हा प्रश्न उभा राहिला. आम्ही दोघे होतो, घर उबदार होते, सौ.चा हात मालिशला उत्तम होता. हेंकराव एकटे, सात खिडक्यांचे घर. कोणत्याही न्यायासनाने निकाल कुठे दिला असता हे सांगायला नको. सूनबाईने निकाल दिला तो असा: सोमवार, मंगळवार पप्पांकडे, बुधवार ते शुक्रवार आमच्याकडे. मी अपील केले. तिने ते दारातच फेटाळले.

पहिल्या सोमवारी मी सहज, कोणतीही पूर्वसूचना न देता, हेंकरावांकडे गेलो. आकाश भरून आले होते, समुद्राकडून असा वारा सुटला होता की अंगणातली कपडे वाळवायची तारांची फिरती छत्री आपोआप गरगरत होती. त्या छत्रीखाली बाबागाडी. बाबागाडीत आमची पाच महिन्यांची नात. उघड्यावर. नाक गाजरासारखे लाल, डोळे मिटलेले. जवळ कोणीही नाही. चाकाला वीट लावलेली. माझ्या हातातली पिशवी गळून पडली. आयुष्यात मी खुनाचे खटले ऐकले आहेत, पण असा देखावा कोणत्याही आरोपपत्रात नव्हता. खिडकीतून हेंकरावांचे डोके बाहेर आले. ते तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगत होते. मला. आणि वर हळूच म्हणाले, "ताजी हवा. आताच झोपली."

ते पत्र मी रात्रीचे जेवणही न घेता लिहिले. सतरा कलमे झाली. कोर्टातल्या सवयीप्रमाणे तळाशी डाव्या कोपऱ्यात एक ओळ घातली: 'प्रत माहितीसाठी सविनय सादर: सिस्टर, बालआरोग्य केंद्र', आणि तशी एक प्रत टपालात टाकली. आता या ओळीबद्दल वाचकांना सांगितले पाहिजे. अडतीस वर्षांत मी अशा हजारो प्रती पाठवल्या. कलेक्टरांना पाठवल्या, आरोग्य खात्याला पाठवल्या. माहितीसाठी पाठवलेली प्रत कोणीही वाचत नाही. तिला दोरा लावून ती फायलीत झोपवतात. पत्राला वजन यावे एवढाच तिचा उपयोग. ऑस्ट्रेलियात ती उघडतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात आणि चौथ्या दिवशी कामाला लागतात, याची मला कोणीही कल्पना दिलेली नव्हती.

सिस्टर पुढच्या सोमवारी हेंकरावांच्या दारात उभ्या राहिल्या. तक्रारदार म्हणून मलाही हजर राहायला कळवले होते. बाई पन्नाशीच्या, शांत, हातात वही. हेंकरावांनी माझ्याकडे एकदा पाहिले. माझी कलमे त्यांना तेवीस पत्रांपासून पाठ होती. पत्र कोणाचे हे सांगण्याची गरज नव्हती. पण ते एवढेच म्हणाले, "व्याही, कॉफी?" आणि सिस्टरना अंगणात घेऊन गेले.

सिस्टरनी बाळाच्या मानेमागे हात घातला, मग पांघरुणाखाली. हात बाहेर आला तो एक पत्र्याची गरम पाण्याची बाटली घेऊन. तिच्यावर निळ्या लोकरीची विणलेली पिशवी होती, कोपऱ्यांवर विरलेली. ही कोणी विणली, असे त्यांनी विचारले. हेंकराव म्हणाले, माझ्या बायकोने, अन्नेकासाठी. मूल अगदी उबदार होते. सिस्टरनी वीट काढून नीट ब्रेक बसवायला सांगितले आणि बाटली पायांपासून दूर ठेवायला सांगितले. वहीत अडीच ओळी लिहिल्या. मग मला विचारले, की बुधवारी बाळ कुठे असते.

बुधवारचा वृत्तान्त मी थोडक्यात देतो. आमच्या घरी नुकतीच मालिश आणि आंघोळ झाली होती, आणि सौ. ओवा-वावडिंगाची धुरी देत होती. बार्बेक्यूचा निखारा, वर लोखंडी झारा. हीटर चालू, खिडक्या बंद, दाराच्या फटीला टॉवेल. मीराच्या अंगावर तीन स्वेटर, कानांवर टोपडे, डोळ्यांत काजळ. सिस्टर दारातच थबकल्या. इतका हादरलेला सरकारी माणूस मी पूर्वी पाहिलेला नाही. त्यांनी प्रथम जाऊन खिडकी उघडली, मग बाळाचे एकेक वस्त्र उतरवले, जसे कोबीचे पान काढावे. पाठीवर घामोळे होते. जुलै महिन्यात घामोळे. धूर कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा मी परंपरेचे तीन आधार दिले. त्यांनी ते लिहून घेतले. आमच्या घराबद्दल वहीची पावणेदोन पाने भरली.

त्या संध्याकाळी अन्नेका गणवेश न बदलताच आली. ती मला बाबा म्हणते, आणि एरवी हसून म्हणते. तिने सांगितले, की रुग्णालयाच्या पाळणाघरात एक जागा रिकामी आहे. "रविवारपर्यंत तुम्ही दोघांनी एका कागदावर सही करून द्या, बाळ कसं सांभाळणार ते. नाहीतर सोमवारपासून ती तिकडे. पाचही दिवस. आय मीन इट, बाबा." अविनाश खाली मान घालून उभा होता. त्याला मी डोळ्यांनी साक्षीला बोलावले; तो फितूर झाला.

मी युक्तिवादाची तयारी करीत होतो. तेवढ्यात शनिवारी अविनाशचा फोन आला. हेंकरावांनी माघार घेतली होती. त्यांचे म्हणणे असे, की पाचही दिवस व्याह्यांना द्या, ते दोघे आहेत, मी एकटा आहे; फक्त पोरीला पाळणाघरात टाकू नका. फोन ठेवून मी सौ.ला सांगितले की प्रतिवादीने दावा मान्य केला. मला वाटले ती आनंदेल. तिने निळी लोकर घेऊन विणकाम सुरू केले होते. तिची बोटे थांबली.

"कागद जिंकलात," ती म्हणाली. "आता पोरीला मांडीवर घ्या आणि तिला तोच वाचून दाखवा."

त्यानंतर ती रात्री आणि सकाळी माझ्याशी बोलली नाही. पण मी तिच्या अबोल्याने गेलो असे कोणी समजू नये. ताब्यातली वस्तू माणूस बाजू न मांडता सोडून देतो, हे कोणत्याही कायद्याला संशयास्पदच वाटेल. मला सुनावणीशिवाय मिळालेला निकाल नको होता. मी नवा मसुदा केला, नेहमीप्रमाणे इंग्रजीत. सोमवार, मंगळवार पूर्ववत त्यांच्याकडे, बारा अंशांखाली बाळ बाहेर नाही, स्वेटर दोन, कमी नाही, टोपडे अनिवार्य, धुरी बंद, ही आमच्याकडची सवलत, आमच्या घरची एक खिडकी उघडी, आणि मूल वर्षाचे होईपर्यंत मुदत. सात कलमे. रविवारी सकाळी मी कागद घेऊन निघालो.

हेंकराव खिडकीपाशी बसले होते. सकाळची दहाची वेळ, आणि ते पोहायला गेलेले दिसत नव्हते. केस कोरडे होते. मी टेबलावर कागद उलगडला. त्यांनी पेन घेतले आणि पहिल्या कलमापुढे सही केली. दुसऱ्यापुढे केली. तिसऱ्यापुढे केली. वाचत नव्हते. मी पान हाताने झाकले.

"वाचा तरी," मी म्हणालो. "तुमच्याविरुद्ध काय काय लिहिलंय ते बघा."

"तुम्ही लिहिलंय ना?" ते म्हणाले. "मग बरोबर असेल."

त्यांनी माझा हात बाजूला करून उरलेल्या चार सह्या केल्या. मग पेन मला परत न देता तसेच धरून बसले. म्हणाले, एक कलम अजून घाला. मी सावध झालो. आता खरा हल्ला येतो आहे हे मला अनुभवाने कळले.

"सोमवारी, मंगळवारी तुम्हीही इथे यायचं. मेफ्राव सुमती आली तर छान. नाही आली तर तुम्ही एकटे."

"देखरेखीसाठी?"

"नाही." ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना इंग्रजी शब्द शोधावे लागत होते, किंवा शब्द सापडत असूनही उच्चारायला वेळ लागत होता. "ती सकाळी दोन तास झोपते. ती झोपली की घर फार मोठं होतं."

मी त्या घराकडे पाहिले. दोन खोल्या. अडतीस वर्षांत मी नाना तऱ्हेचे दावे पाहिले. जमिनीचे, विहिरीचे, दत्तकाचे, पोटगीचे. प्रतिपक्षाने माझ्या सहवासाची मागणी केल्याचे एकही प्रकरण माझ्यासमोर आले नव्हते. त्यासाठी कोणती भाषा वापरतात हे मला ठाऊक नव्हते. मी त्यांच्या हातातले पेन मागून घेतले. इंग्रजी सुचेना म्हणून शेवटी मराठीतच लिहिले: 'कलम आठवे. दर सोमवारी व मंगळवारी सकाळी पहिला पक्ष दुसऱ्या पक्षाच्या घरी उपस्थित राहील.' आणि विचारले, की मुदत काय लिहू, बाकीच्याप्रमाणे मूल वर्षाचे होईपर्यंत?

"याला मुदत नको," हेंकराव म्हणाले.

मी त्यांना समजावले की बेमुदत करार टिकत नाही. मर्यादा कुठेतरी घालावीच लागते. त्यांनी मान हलवून नकार दिला. तेव्हा मी मराठीत जे लिहिले ते त्यांना इंग्रजीत वाचून दाखवले: 'उभय पक्षांच्या हयातीपर्यंत.' त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि अक्षर न अक्षर, न समजणाऱ्या लिपीतले ते कलम बोट फिरवून पाहिले आणि खाली सही केली. आठांपैकी त्यांनी पाहिलेले ते एवढेच.

मीरा आता शाळेत जाते. हेंकरावांच्या अंगणात बाबागाडी नसते, सकाळी झोपायला तिथे कोणी बाळ येत नाही. पहिली सात कलमे मुदत संपून केव्हाच रद्द झाली. आठवे अमलात आहे. ते मोडल्यास काय शिक्षा, हे मी त्यात लिहायला विसरलो होतो. मसुद्यातला हा ढळढळीत दोष पुढे कधीतरी माझ्या लक्षात आला. दुरुस्ती करावी लागेल असा प्रसंग, ऊन असो, वादळ असो, आजवर आलेला नाही.